‘द डार्क साइड ऑफ द मून’: कोणतं प्रेसिंग ऐकावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंक फ्लॉइडचा हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला आणि तेव्हापासून तो सतत छापला जातोय. अशा प्रत्येक वेगळ्या छपाईला ‘प्रेसिंग’ म्हणतात. एका अल्बमची इतकी रूपं बाजारात असली की प्रश्न पडणारच. मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं या अल्बमची असली तरी ऐकण्याची पद्धत कुठल्याही जुन्या रॉक अल्बमला लावता येईल.

गाणी तीच, मिक्स तोच, मग आवाज वेगळा का येतो?

स्टुडिओतली टेप (सगळी वाद्यं-आवाज एकत्र करून, म्हणजे मिक्स करून, तयार झालेली) आणि तुमच्या हातातली रेकॉर्ड यांच्यामध्ये बरेच टप्पे असतात. आधी टेप वाजवून लेथवर, म्हणजे खाच कोरणाऱ्या यंत्रावर, लॅकरची (मऊ लेप दिलेली) तबकडी कापतात. त्या लॅकरवर धातू चढवून ‘फादर’, त्यावरून ‘मदर’, मदरवरून ‘स्टँपर’ तयार होतो. या स्टँपरखाली तापलेलं व्हिनाइल दाबलं की रेकॉर्ड झाली. स्टँपर झिजतो, बदलावा लागतो. मागणी वाढली की नवं लॅकर कापावं लागतं, आणि ते कापणारा माणूस, त्याची यंत्रं, त्याच्या पुढ्यातली टेप यांतलं काहीही बदललेलं असू शकतं.

लॅकर कापणं हे नुसतं यांत्रिक काम नाही. बास जितका भरघोस तितकी खाच आडवी फिरते आणि तबकडीवर जास्त जागा खाते. ‘डार्क साइड’ची पहिली बाजू साधारण १९ मिनिटांची, दुसरी २३ मिनिटांहून थोडी जास्त. ही २३ मिनिटं बसवताना पातळी किती ठेवायची, बास किती आवरायचा, वरचे सूर किती उजळायचे, हे कापणारा ठरवतो. हा निर्णय पुढे त्या लॅकरवरून निघालेल्या प्रत्येक प्रतीत ऐकू येतो.

म्हणजे कोणत्या देशात छापलं ते महत्त्वाचं नाही?

महत्त्वाचं आहे, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. देशाच्या हवापाण्यानं आवाज बदलत नाही. मूळ टेप लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत होती, ब्रिटिश लॅकरही तिथेच कापलं गेलं. बाहेरच्या देशांना त्या काळी बहुधा टेपची नक्कल जायची. अ‍ॅनालॉग टेपची प्रत त्याच दर्जाच्या टेपवर काढली की हिस् (टेपचा सूं-सूं आवाज) साधारण ३ डेसिबलनं वाढतो आणि वरच्या सुरांची धारही थोडी बोथट होते. काही देशांत मात्र ब्रिटनहून धातूचे साचेच जायचे. तिथल्या रेकॉर्डवर लेबल परदेशी असलं तरी खाच अ‍ॅबी रोडचीच असते.

म्हणून मी आधी तीन गोष्टी बघतो: कोणती टेप, कोणाचं कटिंग, आणि या प्रतीची अवस्था काय. देश, लेबलचा रंग, किंमत हे सगळं त्यानंतर.

कापणाऱ्याच्या हाताचा फरक किती पडतो याचं सगळ्यांत ठळक उदाहरण दुसऱ्या अल्बमचं आहे. १९६९ मध्ये ‘लेड झेपेलिन टू’चं पहिलं अमेरिकी लॅकर रॉबर्ट लडविग यांनी इतक्या चढ्या पातळीवर कापलं होतं की स्वस्त प्लेअरवर सुई उडायला लागली. मग ते काढून सौम्य कटिंग आणलं गेलं. मिक्स तोच, गाणी तीच. आजही लोक लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात ‘आरएल’ ही अक्षरं शोधत फिरतात, आणि एकदा ऐकलं की का शोधतात ते कळतं.

पहिलं ब्रिटिश प्रेसिंग ओळखायचं कसं?

हार्वेस्ट लेबल, क्रमांक एसएचव्हीएल ८०४. अगदी सुरुवातीच्या प्रतींवर लेबलवरचा त्रिकोण पूर्ण निळ्या रंगानं भरलेला आहे, नंतरच्या प्रतींवर नुसती त्रिकोणाची बाह्यरेखा. सोबत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर असायचे.

पण लेबल छापणारे आणि लॅकर कापणारे वेगळे असतात, त्यामुळे खरी ओळख लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात सापडते. दिवा तिरपा धरा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा. घड्याळाच्या सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कोणतं लॅकर ते सांगणारा क्रमांक असतो. सर्वांत आधीच्या प्रतींवर त्याच्या शेवटी ए-२ आणि बी-२ येतं. नऊच्या जागी मदरचा क्रमांक, तीनच्या जागी स्टँपरची अक्षरं. रेकॉर्ड छापणाऱ्या ईएमआय कंपनीनं स्टँपरसाठी ‘ग्रामोफोन लिमिटेड’वरून एक सांकेतिक शब्द वापरला होता: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी ०. म्हणजे मदर १ आणि स्टँपर ‘जी’ असेल तर प्रत त्या लॅकरच्या अगदी जवळची. ‘आरएएम’ असेल तर तो २३४वा स्टँपर.

तेच सर्वांत चांगलं वाजतं का?

चांगल्या अवस्थेतली प्रत मिळाली तर माझ्या कानाला हो. बास गोल आणि भरीव, आवाजांभोवती हवा, काही ओढूनताणून उजळ केल्यासारखं नाही. टेप ताजी होती आणि घरचीच होती, हे कारण मला पटतं.

पण ‘चांगल्या अवस्थेतली’ हे शब्द वाचून पुढे जाऊ नका. हा अल्बम लोकांनी पार्ट्यांमध्ये, जड आर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) प्लेअरवर, बोथट सुईनं शेकडो वेळा वाजवला आहे. झिजलेली पहिली आवृत्ती आणि नीट जपलेली १९७६ची आवृत्ती यांत मी डोळे मिटून दुसरी उचलेन.

जपानी प्रेसिंगबद्दल इतकं कौतुक का?

शांततेबद्दल. जपानी व्हिनाइलचा पृष्ठभाग फार स्वच्छ असतो. या अल्बमची सुरुवात आणि शेवट हृदयाच्या मंद ठोक्यांनी होतात, तिथे चरचर नसणं ही मोठीच गोष्ट आहे. तोशिबा-ईएमआयनं १९७८ मध्ये काढलेली ‘प्रो-यूज’ मालिकेतली आवृत्ती खास नावाजली जाते, आणि ते कौतुक योग्य आहे. साध्या जपानी आवृत्त्यांमध्ये मला वरचे सूर किंचित पुढे आणि बास किंचित हडकुळा वाटतो. ज्यांची यंत्रणा मुळात मऊ आवाजाची आहे त्यांना हेच आवडेल.

हाफ-स्पीड म्हणजे काय? त्यानं फरक पडतो?

टेप आणि लेथ दोन्ही निम्म्या वेगानं चालवून लॅकर कापायचं. ३३⅓ ऐवजी १६⅔ फेरे. असं केलं की २० किलोहर्ट्झचा सूर कापणाऱ्या सुईसाठी १० किलोहर्ट्झचा होतो आणि ती तो निवांतपणे कापते. मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीनं १९७९ मध्ये काढलेली आवृत्ती अशीच, स्टॅन रिकर यांनी कापलेली. १९८१ मध्ये तिचीच जाड व्हिनाइलवरची ५००० क्रमांकित प्रतींची मर्यादित आवृत्ती आली.

झांजा, नाणी, घड्याळं यांचा तपशील तिथे अप्रतिम आहे. पण निम्म्या वेगात बासही निम्म्या कंपनावर उतरतो आणि तिथे टेप मशीनचा प्रतिसाद सरळ राहत नाही. मला या आवृत्तीत ‘मनी’ची बासची चाल थोडी हलकी लागते. हे मत आहे. पुष्कळ जाणकार याच्या उलट सांगतील.

१८० ग्रॅमची रेकॉर्ड चांगली वाजते ना?

वजनानं खाच खोल होत नाही. जाड रेकॉर्ड सपाट राहायला मदत होते आणि हातात धरायला छान वाटते, इतकंच. तुलना करताना मात्र जाडीची दखल घ्या, कारण सुईचा उभा कोन बदलतो. तोही फार नाही: नेहमीच्या लांबीच्या आर्मला १ मिलिमीटरनं साधारण पाव अंश.

नव्या आवृत्त्यांचं काय?

२००३ची, म्हणजे ३० वर्षांनिमित्त निघालेली आवृत्ती डग सॅक्स आणि केव्हिन ग्रे यांनी अ‍ॅनालॉग टेपवरून कापली. आजही मी ती निःशंक सुचवतो. २०१६ची जेम्स गथ्री, जोएल प्लांटे आणि बर्नी ग्रंडमन यांच्या हातची. ती स्वच्छ, ताकदीची, थोडी आधुनिक वळणाची आहे. मूळ ब्रिटिश प्रत आणि २०१६ची शेजारी ठेवली की पहिली खोलीत पसरते आणि दुसरी समोर येऊन उभी राहते. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला २०१६ची आवृत्ती घेऊन पस्तावायची वेळ येणार नाही.

तुलना करताना सगळ्यांत मोठी चूक कोणती?

आवाजाची पातळी न जुळवणं. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. दोन प्रेसिंग्जमध्ये एक डेसिबलचा फरक असला तर आपल्याला ‘हे मोठं आहे’ असं जाणवत नाही. ‘हे जास्त जिवंत आहे, बास घट्ट आहे, गायक पुढे आहे’ असं जाणवतं. मी एका प्रेसिंगला दोन वर्षं वरचा नंबर देत होतो. एके दिवशी दोन्ही संगणकावर उतरवून मोजली, तर ते १.८ डेसिबलनं चढं निघालं. पातळी जुळवून ऐकल्यावर माझी निवड उलटली. त्या दोन वर्षांत मी जे जे लोकांना छातीठोक सांगितलं होतं ते मागे घ्यावं लागलं.

टेस्ट रेकॉर्डवरच्या १ किलोहर्ट्झच्या सुरानं हे काम होत नाही. त्यानं तुमची यंत्रणा जुळते, पण दोन प्रेसिंग्ज मुळातच वेगळ्या पातळीवर कापलेली असतात. त्यामुळे गाण्याचाच तोच तुकडा मोजावा लागतो. मी असं करतो: दोन्ही रेकॉर्ड्स धुऊन घेतो, त्याच सुईनं, त्याच सेटिंगवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवतो. मग ‘ब्रीद’मधला गायनाचा ३० सेकंदांचा तोच तुकडा दोन्हींतून घेऊन सरासरी पातळी बघतो. ही सरासरी ३०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात काढतो. पूर्ण पट्टा घेतला तर ज्यात बास जास्त तिची सरासरी फुगते आणि जुळवणी फसते. फरक ०.२ डेसिबलच्या आत आला की ऐकायला बसतो.

मग नावं झाकून ऐका. दुसऱ्या कुणाला तरी फाइल्स बदलायला सांगा, किंवा एबीएक्स चाचणी (ऐकलेला तुकडा दोन्हींपैकी कोणता ते न बघता ओळखणं) करणारं सॉफ्टवेअर वापरा. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखता आलं तर ते नशिबानं होण्याची शक्यता ४ टक्क्यांपेक्षा कमी असते. प्रेसिंग्जमधले खरे फरक बहुतेक वेळा याहून सहज ओळखू येतात. ज्या फरकावर तासभर वाद झालेला असतो तो झाकल्यावर सापडत नाही, असंही होतं.

नेमकं कुठे आणि काय ऐकायचं?

अख्खा अल्बम दोनदा ऐकून तुलना होत नाही. कान तोवर आधीचं विसरतो. ठरावीक जागा धरा. माझ्या जागा या.

‘स्पीक टू मी’मधले ठोके. पहिल्या काही सेकंदांत पृष्ठभागाचा गोंगाट कळतो. ठोक्याला नुसता ‘धप’ आहे की मागून एक मऊ पोत येतो, हे बघा. बास छाटलेला असेल तर ठोका पुठ्ठ्यावर बोट आपटल्यासारखा वाजतो.

‘टाइम’ची घड्याळं. ही घड्याळं अभियंता अ‍ॅलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. चांगल्या कटिंगमध्ये प्रत्येक घड्याळाची धातू वेगळी ऐकू येते: एखादं पितळी, एखादं पातळ पत्र्याचं, एखाद्याची घंटा लांबत जाते. वाईट कटिंगमध्ये किंवा झिजलेल्या खाचेत सगळं मिळून एकच चुरचुरीत गोळा होतो. लगेच नंतर ड्रमवादक निक मेसन यांचे रोटोटॉम (सूर जुळवता येणारे छोटे ड्रम) येतात. त्यांचा घुमारा किती वेळ टिकतो ते मोजा.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही माझी सगळ्यांत आवडती कसोटी. सुरुवातीला एकटा पियानो, मग क्लेअर टोरी यांचा शब्दांविना चढत जाणारा आवाज, आणि हे सगळं पहिल्या बाजूच्या शेवटी. बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच वाचते, अगदी आत ती फक्त २१ च्या आसपास. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, आणि तिथेच गायिका सर्वांत वरच्या पट्टीत असते. तिचा आवाज उंचावर गेल्यावर कडेनं फाटतो का? फाटत असेल तर लगेच प्रेसिंगला बोल लावू नका. आधी सुईचं अलाइनमेंट (ती खाचेत सरळ बसते का) तपासा, मग झीज.

‘मनी’मध्ये नाण्यांचा आणि गल्ल्याचा लूप डावी-उजवी करतो, तिथे वरच्या सुरांची स्वच्छता कळते. त्यापेक्षा मला गिटारवादक डेव्हिड गिलमर यांच्या सोलोचा मधला भाग उपयोगी वाटतो. तिथे अचानक सगळे इफेक्ट्स काढून घेतलेत, गिटार कोरडी, जवळ, जवळजवळ उघडी. चांगल्या प्रेसिंगमध्ये तिथे खोली आकसल्याचा भास होतो आणि पुढच्या भागात ती पुन्हा उघडते. कॉम्प्रेस केलेल्या, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक दाबलेल्या आवृत्तीत हा फरक सपाट होऊन जातो.

‘अस अँड देम’मध्ये आवाजाचे प्रतिध्वनी विरत जाताना मोजा. कोणत्या प्रेसिंगमध्ये शेवटचा प्रतिध्वनी ऐकू येतो आणि कोणत्यात तो हिस्समध्ये बुडतो?

शेवटी ‘एक्लिप्स’. लांब बाजू, आतली खाच आणि अल्बममधला सर्वांत भरलेला आवाज, तिन्ही एका जागी. २३ मिनिटं बसवताना कापणाऱ्यानं काय सोडलं ते इथे उघडं पडतं.

माझी प्रत मित्राच्या त्याच प्रेसिंगच्या प्रतीपेक्षा वाईट का वाजते?

स्टँपर कितवा, तो किती झिजलेला होता, व्हिनाइल नीट थंड झालं की नाही, यावर बरंच अवलंबून असतं. एक दोष मात्र फार लोकांच्या लक्षात येत नाही: मधलं भोक केंद्रापासून सरकलेलं असणं. आतल्या खाचेची त्रिज्या ६० मिलिमीटर धरली आणि भोक ०.२ मिलिमीटरनं सरकलेलं असलं तर वेग ०.३ टक्क्यांनी खालीवर होतो. गिटारमध्ये ते लपतं. ‘ग्रेट गिग’च्या पियानोत नाही. दर १.८ सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला, सूर हलकेच झुलतो. माझी एक प्रत अशी होती. महागडी, चकचकीत, नवी. पियानो सुरू झाला की पोटात कालवायचं. सुई आतल्या खाचेत असताना आर्मकडे बघा. तो डावी-उजवी डोलत असेल तर कारण हेच.

चरचर धुळीमुळे आहे की झीज झाली आहे?

धूळ टकटक करते, कुठेही करते, आणि धुतल्यावर कमी होते. झीज शांत जागी गप्प असते आणि आवाज चढला की खरखरते. नेमकं सांगायचं तर गायक जोरात गायला की त्याच्या आवाजाला वाळूसारखी कड येते. ती धुऊन जात नाही. बारीक टोकाची, वेगळ्या आकाराची सुई वापरली तर ती खाचेच्या न झिजलेल्या उंचीवर टेकते आणि कधी कधी चांगलाच आराम पडतो.

मधे डिजिटल टप्पा असेल तर रेकॉर्ड घेण्यात अर्थ आहे?

ऐकून ठरवा. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटीच्या बऱ्याच रेकॉर्ड्समध्ये डीएसडी या डिजिटल ध्वनिमुद्रण पद्धतीचा टप्पा असल्याचं उघड झालं. त्यातल्या कित्येक रेकॉर्ड्सची तोवर शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून वाखाणणी झाली होती. खरेदीदारांना हे आधी सांगायला हवं होतं, याबद्दल दुमत नाही. पण ऐकताना ते कुणाला खटकलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

डायनॅमिक रेंजचे आकडे बघून प्रेसिंग निवडता येईल?

नाही. हे आकडे म्हणजे सर्वांत मोठा आणि सरासरी आवाज यांतलं अंतर. तोच डिजिटल मास्टर रेकॉर्डवर कापला आणि परत उतरवून मोजला तर आकडा वाढलेला दिसतो, कारण कापताना आणि वाजवताना फेज सरकून शिखरं उंचावतात. संगीत काही जास्त मोकळं झालेलं नसतं. सीडीची सीडीशी तुलना करायला हे आकडे ठीक आहेत.

सीडीमध्ये कोणती?

१९८३ची जपानी तोशिबा-ईएमआयची, काळ्या त्रिकोणाची म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती संग्राहकांना हवी असते. आवाज मोकळा आणि न दाबलेला. २००३च्या एसएसीडीत (सुपर ऑडिओ सीडी) जेम्स गथ्री यांचा ५.१, म्हणजे सभोवती ठेवलेल्या स्पीकरांसाठीचा मिक्स आहे आणि तो फार सुंदर आहे. तिचा स्टिरिओ एसएसीडी थरही छान आहे, पण त्याच तबकडीवरचा सीडी थर जास्त चढा ठेवलाय. दोन्ही थर एकच समजून तुलना करू नका.

एक छोटी गंमतीची जागा: काही सीडी आवृत्त्यांत शेवटच्या ठोक्यांच्या मागे बीटल्सच्या ‘तिकीट टू राइड’ची वाद्यवृंदावरची चाल पुसटशी ऐकू येते. मूळ ब्रिटिश रेकॉर्डवर ती नाही. हेडफोन लावून, रात्री, शेवटच्या ठोक्यांवर कान द्या.

क्वाड्राफोनिक (चार स्पीकरांसाठीची) रेकॉर्ड घेऊन तुलना करू का?

तो अ‍ॅलन पार्सन्स यांचा वेगळाच मिक्स आहे. जरूर ऐका, पण ‘कोणतं प्रेसिंग चांगलं’ या प्रश्नात त्याला ओढू नका.

माझा प्लेअर साधा आहे. हे फरक कळतील का?

पातळी, बास आणि वरच्या सुरांचा तोल कळेल. आतल्या खाचेतले फरक साध्या गोल टोकाच्या सुईवर कळणार नाहीत, कारण तिथे सुईच आधी हार मानते. एकच गोष्ट बदलायची असेल तर सुई बदला, आणि प्रोट्रॅक्टरवर (सुईची जागा आणि कोन जुळवायच्या आखणीपट्टीवर) अर्धा तास खर्च करून ती नीट लावा. दुसऱ्या प्रेसिंगवर पैसे घालण्याआधी हे करा.

सगळं ठीक, पण एकच घ्यायचं तर?

जुनी प्रत समोर ऐकून घेता येत असेल तर ब्रिटिश १९७०च्या दशकातली, त्रिकोण भरलेला असो वा नसो. पहिल्या बाजूचा शेवट आणि दुसऱ्या बाजूचा शेवट, एवढंच वाजवून बघा. टोरी यांचा आवाज फाटला नाही आणि ‘एक्लिप्स’ गढूळ झालं नाही तर घ्या. न ऐकता मागवायचं असेल तर २००३ची, आणि ती मिळाली नाही तर २०१६ची.